हॉस्पिटलवर बॉम्ब पडला, बातमी आली, पुढे काय होतं?

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाझा, सुदान, युक्रेन, रोज कुठल्यातरी हॉस्पिटलवर हल्ल्याची बातमी असते. 'इतके ठार' असा आकडा येतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. हॉस्पिटल बंद पडल्यानं नेमकं किती आणि कसं नुकसान होतं? जिनिव्हा करार असताना हे होतंच कसं? आणि इथे बसून मी यातलं काय शिकू शकतो?"

तुला 'तू' म्हणतो. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे रेसिडेंट डॉक्टर दिवसभर माझ्या आजूबाजूला असतात, त्यामुळे 'अहो-जाहो' मला जमायचं नाही.

मी हाडांचा डॉक्टर. पुण्यात २८ वर्षं काम करतो आहे. आघाडीवर कधी गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली युद्धावर बोलणारे सगळेच तिथून नुकतेच परतल्यासारखे बोलतात. पण युद्धातल्या जखमा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. ताज्या नाहीत, शिळ्या. येमेन, सुदान, इराकमधले पेशंट उपचारासाठी पुण्यात येतात, हे कोंढव्यात किंवा कॅम्पात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. इथे शिकणारी अरब मुलं त्यांची दुभाषी होतात, एजंटाबरोबर ओपीडीत येतात आणि बापाच्या वयाच्या माणसाची लघवीची तक्रार लाजत लाजत इंग्रजीत सांगतात. मला जे कळलं त्यातलं निम्मं या मुलांकडून कळलं.

आधी तुझा 'किती' घेऊ. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानातल्या कुंदूझ शहरात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या हॉस्पिटलवर अमेरिकेच्या विमानानं मध्यरात्रीनंतर तासभर मारा केला. ४२ माणसं गेली, त्यात १४ कर्मचारी आणि २४ पेशंट. बातमीत हा आकडा आला आणि तो खरा आहे. आता दुसरा आकडा बघ. २०१४ या एका वर्षात त्या हॉस्पिटलनं २२ हजारांवर पेशंट तपासले होते आणि ५,९०० हून जास्त ऑपरेशनं केली होती. म्हणजे दिवसाला १६. ईशान्य अफगाणिस्तानात अपघात आणि जखमांसाठी त्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. त्या संस्थेचं नवीन ट्रॉमा हॉस्पिटल कुंदूझमध्ये सुरू झालं ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये. मधली जवळजवळ ६ वर्षं धर आणि स्वतः गुणाकार कर. पस्तीस हजारांच्या आसपास ऑपरेशनं तिथे झाली नाहीत. ती सगळी माणसं मेली असं मी म्हणत नाही. कुणी सलांग घाट ओलांडून काबूलला पोचलं असेल, कुणाचा हात वाकडा जुळला असेल, कुणाचा पाय गेला असेल. पण ४२ च्या पुढे मोजायला तिथे कुणी बसलं नव्हतं.

ही न झालेली ऑपरेशनं म्हणजे काय, ते माझ्या टेबलावर आलेल्या एका पायावरून सांगतो.

तैझ हे येमेनमधलं डोंगरातलं शहर, २०१५ पासून वेढ्यात सापडलेलं. तिथला एक शाळामास्तर, चाळिशीचा, एडनहून विमानानं मुंबई आणि तिथून टॅक्सीनं पुणे असा आला. उजव्या नडगीला बाहेरून लावलेला फिक्सेटर. तू अजून ऑर्थोच्या पोस्टिंगला गेला नसशील तर सांगतो: मोडलेल्या हाडाच्या वर आणि खाली पिना घालून त्या बाहेरच्या दांड्याला क्लॅम्पनं बांधतात. तात्पुरती सोय असते ही. जखम निवली की काही आठवड्यांत पुढचं काहीतरी करायचं असतं. याच्या पायावर ती ९ महिने होती. पिनांच्या मुळाशी पू होता, आणि चारपैकी एका क्लॅम्पच्या जागी चक्क सायकलचा नट-बोल्ट होता. आमच्या ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, मामा तो हातात घेऊन म्हणाले, "साहेब, बसवणारा हुशार होता." खरंच होता. पक्का कसलेला.

गंमत म्हणजे पहिल्या सर्जननं सगळं बरोबर केलं होतं. युद्धातली जखम आणि नवले पुलावरच्या अपघातातली जखम यांत फरक असतो. तोफगोळ्याचा तुकडा आत जाताना छिद्र लहान करतो, पण आजूबाजूचं मांस क्षणभर फाकवतो आणि त्या पोकळीत माती, पँटचं कापड, शेजारच्या भिंतीचा चुना असं सगळं ओढून नेतो. बाहेरून दोन इंचांची दिसणारी जखम आत वीतभर मेलेली असते. मेलेलं मांस कसं ओळखायचं? रंग बघायचा, चिमट्यानं दाबून बघायचं, ते आकसतं का, कापल्यावर रक्त येतं का, बोटाला लिबलिबीत लागतं का. या चारही गोष्टी बिघडल्या असतील तर ते कापून टाकायचं, जीव कितीही तुटला तरी. आणि मग येतो सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे टाके न घालणं. जखम उघडी ठेवायची, वर सैल ड्रेसिंग, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा ओटीत घेऊन, स्वच्छ असेल तरच बंद करायची. पहिल्या महायुद्धात हजारो पाय आणि माणसं गमावून शिकलेला हा धडा. आमच्याकडे दर बॅचला एक तरी रेसिडेंट उत्साहानं सुंदर टाके घालतो आणि तिसऱ्या दिवशी शिव्या खातो. (एकेकाळी मीही खाल्ल्या आहेत.)

त्या तैझच्या सर्जननं मास्तरला सांगितलं होतं, पाचव्या दिवशी ये. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात गोळे पडले आणि ओटी बंद झाली. शहराच्या दुसऱ्या बाजूला, हौबानच्या भागात, दवाखाने चालू होते. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता. आघाडी मधून गेल्यानं डोंगराला वळसा घालून जावं लागायचं, पाच-सहा तास, मध्ये नाके. उघड्या नडगीचा माणूस मालवाहू गाडीत सहा तास कसा नेणार? तो घरी गेला. गल्लीतली एक नर्स उकळलेल्या पाण्यानं जमेल तसं ड्रेसिंग करत राहिली. जी अँटिबायोटिक मिळतील ती, मिळतील तेवढे दिवस. दोन दिवस एक, मग आठवडाभर काहीच नाही, मग दुसरंच काहीतरी.

इथे आल्यावर मी हाडाचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, पाठवला. तुला मायक्रोबायोलॉजीत ती जाळी शिकवली असेल, डावीकडे औषधाचं नाव, उजवीकडे एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. त्याच्या रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, आणि शेवटी कोलिस्टिनसमोर एकच एस. कोलिस्टिन म्हणजे किडनीला झोडपणारं जुनं औषध, दुसरं काही उरलं नाही की काढतात. जंतू होता असिनेटोबॅक्टर. २००३ नंतर इराकमधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या जखमांत तो इतका सापडायला लागला की त्याला इराकच्या नावावरून टोपणनाव पडलं. आता युक्रेनमधल्या जखमींत असेच दाद न देणारे जंतू सापडतात आणि जर्मनी-नेदरलँड्सच्या हॉस्पिटलांपर्यंत पोचतात. अर्धवट कोर्स, गढूळ पाणी, बंद पडलेली लॅब, एका खाटेवर दोन पेशंट, यांतून ते वाढतात. आम्ही मास्तरला वेगळ्या खोलीत ठेवलं, सिस्टरांनी दारावर पाटी लावली, हात धुण्यावरून सगळ्यांना दम दिला. तैझमधली बंद पडलेली ओटी अशी पुण्याच्या वॉर्डात येऊन पोचते.

पाच ऑपरेशनं लागली. मेलेल्या हाडाचा तुकडा काढला, पोकळीत औषधाचे मणी भरले, मग कातडी आणि मांस आणून झाकलं, मग हाड वाढवायची रिंग. पाचव्या दिवशी वेळेवर झालं असतं तर बहुतेक एका ऑपरेशनचं काम होतं. आणि बघ, हा माणूस कुठल्याच आकड्यात नाही. हॉस्पिटलवरच्या हल्ल्यात तो मेला नाही, त्या हल्ल्यात तो जखमीही झाला नाही. तो फक्त पाचव्या दिवशी जाऊ शकला नाही.

मी हाडवाला असल्यामुळे जखमांवरच रेंगाळलो. पण बऱ्याच युद्धांत नागरिकांचे बहुतेक मृत्यू ज्यांना खरचटलंही नाही अशांचे असतात. काँगोत १९९८ ते २००७ या काळात युद्धामुळे ५४ लाख जादा मृत्यू झाले असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज होता. त्या आकड्यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण बहुतेक माणसं गोळीनं गेली नाहीत, मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषणानं गेली, यावर फारसा वाद नाही.

डायलिसिस घे. तुझ्या ओळखीत, इमारतीत कुणीतरी असेलच आठवड्यातून तीनदा जाणारं. मशीनमध्ये मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध केलेलं द्रव फिरतं. ४ तासांचे १२० लिटर झाले, एका माणसाचे, एका वेळचे. ते शुद्ध करताना आरओमधून वाया जातं ते वेगळं. म्हणजे पाणी हवं, वीज हवी, फिल्टर हवेत, नळ्या हव्यात, जोडणारी सिस्टर हवी आणि तिला घरून यायला रस्ता हवा. यातलं एक तुटलं की संपलं. गाझात डायलिसिस ४ तासांवरून २ तासांवर आणावं लागलं. पायावर सूज, धाप, आणि एका रात्री पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. मृत्यूच्या दाखल्यावर 'युद्ध' लिहायला रकाना नसतो, तिथे 'किडनी निकामी' लिहितात. इन्सुलिनचंही तेच, न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि फ्रिज विजेवर चालतो.

वीज म्हणजे अखेर डिझेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातल्या अल-शिफा हॉस्पिटलचं इंधन संपलं. अपुऱ्या दिवसांची बाळं इनक्युबेटरमधून काढून साध्या खाटेवर एकमेकांना चिकटवून, कापडात गुंडाळून ठेवली. सुरुवातीला ३९ होती. १९ नोव्हेंबरला ३१ बाळांना बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी त्यातली २८ इजिप्तला पोचली. दीड किलोच्या बाळाला उबेशिवाय किती वेळ तग धरता येतो, हे पेडियाट्रिक्सच्या पोस्टिंगला सिस्टरना विचार. पुस्तकापेक्षा त्या नीट सांगतील.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. एप्रिल २०२१ आठव. चाकणहून ऑक्सिजनचा टँकर निघाला का, कुठवर आला, याचे फोन आम्ही रात्री दोन वाजता करत होतो. शत्रू कुणी नव्हता, रस्ते धड होते, पोलिस टँकरला वाट काढून देत होते, तरी घशाला कोरड पडली होती. आता त्यात रस्त्यावर खड्डे पडलेले, टँकरवर ड्रोन आणि प्लांटला वीज नाही, एवढं मिळवून बघ. माझी आजी पानशेतच्या पुराबद्दल बोलायची, १२ जुलै १९६१, तेव्हा ती नारायण पेठेत होती. पाणी ओसरलं त्याबद्दल कमी बोलायची, नंतरच्या दिवसांबद्दल जास्त. खडकवासल्याची भिंतही गेल्यामुळे सगळीकडे चिखल आणि नळाला थेंब नाही. धरण फुटलं ते एक दिवस, पाणी भरायला मात्र कित्येक दिवस, असं तिचं म्हणणं.

पाण्यावरून कॉलरा. येमेनमध्ये २०१७ संपता संपता संशयित पेशंटांचा आकडा दहा लाखांवर गेला, दोन हजारांहून जास्त माणसं दगावली. पंप बंद, मैलापाणी उघड्यावर, सफाई कामगारांना पगार नाही. आणि कॉलरा म्हणजे असा आजार की ज्यात मीठ-साखरेच्या पाण्यावर माणूस उठून बसतो. हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं तेही युद्धातच, आणि आपल्या शेजारी. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची पश्चिम बंगालमधल्या बनगावला गर्दी झाली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममधून मीठ-ग्लुकोजचं पाणी वाटायला लावलं, नातेवाइकांच्या हातून. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसची पुडी फोडताना हे आठवायला हरकत नाही. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते ५० वर्षांनी आणि मरणोत्तर. असो.

पोलिओबद्दलही दोन ओळी. ऑगस्ट २०२४ मध्ये गाझात १० महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडला. तिथे २५ वर्षांत पोलिओ नव्हता. नेहमीचं लसीकरण खंडित झालं की लसीतलाच दुबळा विषाणू लस न मिळालेल्या मुलांमधून फिरत फिरत पुन्हा दात काढतो, तसा हा होता. सप्टेंबरमध्ये ठरावीक तास, ठरावीक भागांत मारा थांबवून साडेपाच लाखांवर मुलांना डोस दिले. थांबवता येतं, हे त्यातून दिसलं. तुझ्या आईला विचार, तुझ्या लहानपणी रविवारी बूथवर नेऊन बोटाला शाई लावून आणायची की नाही.

आता नियम. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर फार घोळ घातला जातो, म्हणून जरा सविस्तर. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं १८ वं कलम म्हणतं, नागरी हॉस्पिटलवर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करायचा नाही. १९ वं कलम अपवाद सांगतं: हॉस्पिटलचा वापर त्याच्या कामाबाहेर जाऊन शत्रूला अपाय करण्यासाठी होत असेल तरच संरक्षण जातं, तेही आधी इशारा देऊन, वाजवी मुदत देऊन आणि इशारा धुडकावला गेल्यावर. त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलं आहे की जखमी सैनिकांवर तिथे उपचार चालू आहेत, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली बंदूक-काडतुसं तिथे पडून आहेत, एवढ्यानं हॉस्पिटल लक्ष्य होत नाही. टीव्हीवरच्या चर्चेत हा शेवटचा भाग मी एकदाही ऐकलेला नाही. आणि संरक्षण गेलं तरी आतल्या पेशंटांचं काय होईल याचा विचार करण्याची जबाबदारी उरतेच. भारतानं हे करार मान्य केले आहेत, १९६० साली त्यासाठी कायदाही केला. १९७७ चे पुढचे दोन जोडकरार (प्रोटोकॉल) मात्र आपण स्वीकारलेले नाहीत.

मग होतं कसं? कुंदूझच्या हॉस्पिटलचे अक्षांश-रेखांश अमेरिकेच्या सैन्याला आधीच दिलेले होते. चौकशीत मानवी चूक आणि यंत्रणेतला बिघाड असं निघालं, १६ जणांवर खात्याअंतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला नाही. २७ एप्रिल २०१६ ला सीरियात अलेप्पोमधलं अल-कुद्स हॉस्पिटल उडवलं गेलं, त्यात शहरातल्या मोजक्या उरलेल्या बालरोगतज्ज्ञांपैकी एक गेला. सहा दिवसांनी, ३ मे ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं आरोग्यसेवेच्या रक्षणाचा ठराव क्रमांक २२८६ एकमतानं केला. सगळ्यांनी हात वर केले. सीरियातली हॉस्पिटलं त्यानंतरही पडत राहिली, इतकी की तिथले डॉक्टर तळघरांत आणि डोंगर पोखरून केलेल्या गुहांत ऑपरेशन करू लागले, आणि छतावरची हॉस्पिटलची खूण पुसून टाकू लागले, कारण ती वरून दिसायची. युक्रेनमध्ये २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं पडताळलेले हल्ले दोन हजारांवर गेले आहेत. जुलै २०२४ मध्ये कीवचं मुलांचं सगळ्यात मोठं हॉस्पिटल त्यात होतं. सुदानमध्ये अल-फाशरचं प्रसूती हॉस्पिटल ऑक्टोबर २०२५ मध्ये गेलं, ४६० हून जास्त माणसं एका ठिकाणी मारल्याचं त्या संघटनेनं सांगितलं. एक सूचना: या संघटनेच्या यादीत 'हल्ला' म्हणजे बॉम्बच असं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स अडवणं, डॉक्टरला धमकावणं हेही त्यात मोजतात. तेव्हा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नकोस.

कोण बरोबर आणि कोण चूक, या वादात मी शिरणार नाही. ते काम आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अखंड चालू असतं.

माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते माणसांबद्दल. इमारत दोन वर्षांत उभी राहते. सर्जन बनायला साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं पीजी, आणि हात बसायला पुढची पाच. येमेनमध्ये २०१६ च्या उत्तरार्धापासून बहुतेक सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांचे नियमित पगार बंद झाले. बॉम्ब पडला नाही तरी सिस्टर किती महिने फुकट येईल? ती भाजी विकायला बसते, डॉक्टर सौदीला जातो. खार्तूमचा एक मुलगा माझ्याकडे दुभाषा म्हणून यायचा, त्याची धाकटी बहीण तिथे मेडिकलला होती. एप्रिल २०२३ मध्ये लढाई सुरू झाली आणि तिचं कॉलेज बंद पडलं. कैरोत नातेवाइकांकडे राहून ती मार्कलिस्टसाठी महिनोन्महिने मेल करत होती, ज्यांना मेल जायचे त्यांचं ऑफिसच जळलेलं. २०३० नंतरच्या सुदानमध्ये जी डॉक्टर असायला हवी होती, ती अशी कमी झाली. आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय ३२. गोळी लागून नाही, सततच्या कामानं खंगलेल्या शरीराला फेफऱ्याचे झटके येऊन.

युद्ध थांबल्यावर माझ्यासारख्यांचं काम सुरू होतं, आणि ते संपत नाही. सुरुंग आणि न फुटलेले गोळे यांनी जखमी होणाऱ्यांत बहुसंख्य सामान्य माणसं असतात, त्यात मुलं खूप. मोठ्या माणसाला कृत्रिम पाय काही वर्षं पुरतो. सात वर्षांच्या पोराचा पाय वाढतो, त्याला दर सहा ते बारा महिन्यांनी नवीन बसवावा लागतो, शिवाय कापलेल्या टोकाशी हाड वाढून कातडीतून वर येतं, ते पुन्हा कापावं लागतं. म्हणजे मिसरूड फुटेपर्यंत दहा-बारा पाय. पुण्यात याचं महत्त्व कळायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झालं आणि आजही चालू आहे. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे, मणक्याला मार लागलेल्या जवानांसाठी. जमलं तर एकदा परवानगी काढून जाऊन ये. एका गोळीनंतर ५० वर्षं खाटेवरचे व्रण, लघवीची नळी, खांद्याची झीज कशी सांभाळतात, ते बघ. मग विचार कर की हे सैनिकांसाठी आहे, शिस्तशीर सरकारी व्यवस्थेत. तैझच्या मास्तरसाठी असं काही नव्हतं.

शेवटी, तू काय शिकायचं. घाण जखम उघडी ठेवायला शीक, मोह होईल तरीही. पट्टा आवळून रक्त थांबवलंस तर वेळ लिहून ठेव, पेशंटच्या कपाळावर लिहिलीस तरी चालेल. कॅज्युअल्टीत एकदम दहा जण आले तर ओरडणारा आधी घ्यायचा नसतो, गप्प पडलेला आधी बघायचा असतो, हे लक्षात ठेव. आणि ज्या हॉस्पिटलात पोस्टिंग असेल तिथल्या मेन्टेनन्सच्या माणसाशी ओळख कर. मे २०२५ मध्ये देशभर मॉक ड्रिल झालं, पुण्यात भोंगे वाजले, त्या संध्याकाळी मी आमच्या इथल्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, लाइट गेले तर जनरेटर किती तास? तो म्हणाला, "टाकी फुल असेल तर आठ." फुल आहे का? "बघावं लागेल, सर." इतकी वर्षं त्या इमारतीत काम करून मी हे पहिल्यांदा विचारत होतो.

मास्तर चौदा महिन्यांनी काठी न घेता चालत निघाला. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही सगळे फोटो आणि एक्स-रे सीडीत घालून दिले, तर त्यानं सीडी परत केली. दुभाष्या मुलाकडून निरोप दिला की फिल्म हव्यात, जुन्या पद्धतीच्या, तीन-तीन प्रती, एक त्याच्याकडे, एक भावाकडे, एक एडनला मेहुण्याकडे. रेडिओलॉजीवाल्यांनी कुरकुर केली, हल्ली कोण फिल्म मागतं म्हणून. मी कारण विचारलं तेव्हा त्यानं एक फिल्म घेतली, खिडकीशी गेला आणि दुपारच्या उजेडासमोर धरून दाखवली.